रिकाम्या चालीवरून टूरिंग सायकल जोखू नका

टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांबच्या प्रवासाला न्यायची सायकल, रिकामी चालवली की मंद आणि कडक वाटते, म्हणून विकून टाकायचा विचार आहे का तुमचा? थांबा, आधी सामान लादून पाहा. उदाहरण म्हणून सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर ही टूरिंग सायकल बघा. तिच्या मागच्या चाकाचा आस क्रँकपासून (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या मध्यापासून) तब्बल 460 मिमी मागे असतो; रोड सायकलीत साधारण 410. त्यामुळे टाच पॅनिअरला (मागच्या चाकाच्या बाजूला लटकवलेल्या पिशवीला) लागत नाही. फ्रेमच्या नळ्याही भक्कम, म्हणून रिकामी असताना प्रत्येक खड्डा हाताला कळतो. वीसेक किलो चढवले की तीच फ्रेम शांत, सरळ चालते. एवढंच ओझं हलक्या रोड सायकलच्या मागे बांधलं तर घाटाच्या उतारावर हँडल थरथरू शकतं, आणि ते खरोखर धोक्याचं आहे. (तसं झालंच तर गुडघा वरच्या नळीला दाबून धरा आणि वेग हळूहळू उतरवा.)

थोडं सामान पुढच्या चाकाशी, खालच्या बाजूला लावा. हँडल जड होईल, पण सायकल भरकटणार नाही.

आणि हो, रिकाम्या फेरीला टायरमधली हवा कमी करता का? सामानासाठी भरलेली हवा तशीच ठेवली तर कुठलीही सायकल दणके देणारच.