अनुभव धागा: तुकडी लहान झाल्यावर वर्गात नेमके काय बदलले?

प्राथमिक वर्गांतील पटसंख्या कमी असावी, याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते. मात्र तुकडी प्रत्यक्षात लहान झाल्यावर काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे जवळून पाहिलेल्यांचे लेखन क्वचितच वाचायला मिळते. शिक्षक, पालक, मुख्याध्यापक यांनी मतांपेक्षा अनुभव लिहावेत, ही विनंती.

दुसरीच्या वर्गशिक्षिका

आमची मोठी तुकडी विभागली गेली, तेव्हा पहिला फरक मला वह्यांमध्ये दिसला. पूर्वी वही तपासणे म्हणजे उत्तरावर बरोबर-चूक अशी खूण करून खाली सही करणे, एवढेच शक्य होते. तुकडी लहान झाल्यावर मूल लिहीत असतानाच त्याच्या शेजारी बसता येऊ लागले. एका मुलाची हातच्याची बेरीज सतत चुकत असे. तो दशकाची बेरीज आधी करून मोकळा होतो आणि मग एककातून आलेला हातचा सोडून देतो, हे त्याला लिहिताना पाहिल्यावरच कळले. पूर्ण झालेल्या वहीत तीच चूक निव्वळ निष्काळजीपणासारखी दिसत होती. वाचनाचेही तसेच आहे. सामूहिक वाचनात इतरांच्या आवाजाआड लपणारी आणि जोडाक्षर आले की नुसते ओठ हलवणारी मुले एकेकट्याने वाचू लागताच लक्षात आली.

एक पालक

आमची मुलगी अबोल असल्याने पालकसभेत आम्हाला ‘काही तक्रार नाही’ एवढेच ऐकायला मिळे. नव्या, लहान तुकडीतल्या बाईंनी मात्र ती फळ्यावरचे न पाहता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, हे हेरले आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले. तिला चष्मा लागला.

निवृत्त मुख्याध्यापक

तुकडी वाढवायची म्हटले की खोली हवी आणि शिक्षकही हवा. खोलीसाठी आम्ही ग्रंथालय रिकामे केले, त्याची हळहळ मला आजही वाटते. कॅलिफोर्नियात 1996 मध्ये प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्गांत वीसपेक्षा जास्त मुले नसावीत, यासाठी शाळांना अनुदान देण्यात आले, तेव्हा राज्यभर एकाच वेळी इतके शिक्षक लागले की आवश्यक पात्रता नसलेल्यांनाही वर्गावर घ्यावे लागले. शिवाय कागदावरील शिक्षक-विद्यार्थी प्रमाणावर विसंबून चालत नाही, कारण त्यात वर्ग न सांभाळणारे शिक्षकही धरले जाऊ शकतात. प्रमाण समाधानकारक आणि तिसरीची तुकडी मात्र खच्चून भरलेली, हे मी अनुभवले आहे.

तिसरी-चौथीचे शिक्षक

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्याकडे तुकडीतील मुले जेमतेम पाच-सहाने कमी झाली आणि शिकवणे होते तसेच राहिले: फळ्यावर लिहायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे. साहजिकच फरकही पडला नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 पासून झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात बालवाडी ते तिसरीची मुले आणि त्यांचे शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तुकड्यांमध्ये वाटले होते. लहान तुकडीत 13 ते 17 आणि नेहमीच्या तुकडीत 22 ते 25 मुले होती. लहान तुकड्यांतील मुलांची वाचन आणि गणितातील प्रगती अधिक दिसली. मोठ्याच तुकडीत मदतनीस दिल्याने मात्र म्हणण्यासारखा फायदा झाला नाही, आणि नेमका हाच स्वस्त उपाय आपल्याला वारंवार सुचवला जातो. मुले कमी करायची तर भरीव संख्येने करावीत आणि ती सुरुवात पहिली-दुसरीपासून व्हावी, असे माझे मत आहे.

पहिलीच्या शिक्षिका

तुकडी कशी विभागता, हेही महत्त्वाचे आहे. आमच्या शाळेने प्रथम वाचता येणारी मुले एकीकडे आणि न येणारी दुसरीकडे अशी वाटणी केली. दुसऱ्या तुकडीला मुलेच ‘कच्ची तुकडी’ म्हणू लागली, आणि ऐकून शिकायला वर्गात वाचणारे कोणीच उरले नाही. पुढच्या वर्षी आम्ही हजेरीपटावरील नावे एकाआड एक घेऊन दोन्ही तुकड्या पाडल्या. मैत्रिणी दुरावल्या म्हणून काही पालक नाराज झाले, पण ती नाराजी फार टिकली नाही.