चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे
'पेशींना ग्लुकोजच लागतं, चरबी म्हणजे नुसता साठा' असं एकाने लिहिलंय, ते तांबड्या रक्तपेशींपुरतं खरं आहे. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) नसतात, त्यामुळे चरबी जाळायची सोयच नाही. ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचं लॅक्टेट करायचं नि तेवढ्यावर भागवायचं. हृदयाचं मात्र उलट. एरवी त्याची निम्म्याहून जास्त ऊर्जा फॅटी ॲसिडमधून, म्हणजे चरबीच्या घटकांतून येते, आणि आपण धावलो की स्नायूंनी रक्तात सोडलेलं लॅक्टेटही ते बिनतक्रार वापरतं. (लॅक्टेटला 'कचरा' म्हणणं आता सोडायला हरकत नाही.)

कधी काय जाळायचं हे ठरतं कसं? जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की यकृताच्या पेशीत मॅलोनिल-कोए वाढतं. हा चरबी बनवण्यासाठीचा कच्चा माल, पण तोच मायटोकॉन्ड्रियाच्या दारावरच्या सीपीटी-१ या, चरबीला आत घेणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवून धरतो. म्हणजे एकीकडे चरबी बनतेय नि दुसरीकडे जळतेय, असला आचरटपणा होत नाही. पोट रिकामं असताना मॅलोनिल-कोए घटतं नि दार उघडतं. स्नायूंत चरबी जळू लागली की ग्लुकोजचा वापर दबतो, हे जीवरसायनशास्त्रज्ञ रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलं.

मला खरी गंमत यकृताचीच वाटते. उपवास लांबला की ते चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवून मेंदूला पुरवतं, स्वतःला मात्र ते जाळता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं विकरच त्याच्याकडे नसतं. आपल्या एकादशीला तेवढी वेळ येत नाही म्हणा, साबुदाण्याची खिचडी असतेच.