गुठळी विरघळवण्याआधी परफ्युजन स्कॅन हवाच का?

धागाकर्ता:
पक्षाघात कधी सुरू झाला ते नक्की ठाऊक असेल आणि साडेचार तास उलटले नसतील, तर साधा सीटी पुरे. रक्तस्राव नाही ना, आणि मेंदूचा मोठा भाग आधीच मेलेला दिसत नाही ना, एवढंच बघायचं. रक्तदाब १८५/११० च्या खाली, साखर तपासलेली, की गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५ मिग्रॅ (कमाल २५) एकाच दमात शिरेतून. परफ्युजनच्या, म्हणजे मेंदूत कुठे किती रक्त पोचतंय ते दाखवणाऱ्या, रंगीत नकाशांसाठी औषध अडवून ठेवणं मला पटत नाही.

उत्तररात्र:
वेळ ठाऊक असेल तर! रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो तो हात लुळा घेऊनच. तुमच्या हिशेबाने तो बाद. एमआरआयच्या डिफ्यूजनवर (ताजी इजा लगेच दाखवणारं चित्र) डाग चमकतोय आणि फ्लेअरवर (इजा काही तासांनीच दाखवणारं चित्र) त्या जागी काही नाही, तर इजा बहुधा साडेचार तासांच्या आतली. २०१८च्या वेक-अप चाचणीत अशा रुग्णांपैकी अल्टेप्लेज (हेही गुठळी विरघळवणारंच औषध) मिळालेले ५३.३ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले, प्लासिबोवाले ४१.८ टक्के.

धागाकर्ता:
मृत्यूही सांगा की: ४.१ विरुद्ध १.२ टक्के.

उत्तररात्र:
सांगतो. तो फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. ८०० रुग्ण घ्यायचे होते, पैसे संपले म्हणून ५०३ वर थांबले. धोका नाही असं मी म्हटलेलंच नाही.

वक्ररेषा:
दोघेही नकाशा बरोबर असल्याचं गृहीत धरताय. सॉफ्टवेअर रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांखाली गेलेला भाग 'मेलेला' धरतं आणि टीमॅक्स (रक्त पोचायला होणारा उशीर) ६ सेकंदांपुढचा 'धोक्यातला'. हृदय अशक्त असेल तर कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं द्रव्य) उशिरा पोचतो, स्कॅन आधीच थांबतो, त्याच्या चढउताराच्या आलेखाची शेपूट कापली जाते आणि आकडे कुचकामी ठरतात. मानेतली धमनी जुनीच अरुंद असेल, तर नवा झटका नसतानाही ती अख्खी बाजू उशिराची दिसते. खोलवरचा छोटा लॅक्युनर झटका तर नकाशात सापडतच नाही पुष्कळदा. म्हणून मेलेल्या-धोक्यातल्या भागांचे मिलिलिटर वाचण्याआधी धमनी-शिरेचे आलेख उघडा. दोन्ही चढून परत खाली आलेत का? नसतील तर तो नकाशा बाजूला ठेवा. हाताची सुई बारीक असली, तरी हीच गत: १८ गेजची हवी, ५-६ मिलि प्रतिसेकंद सोसणारी.

धागाकर्ता:
आलेखाचं मान्य. झोपेतल्या रुग्णांसाठी एमआरआय, तेही मान्य. पण पहिल्या साडेचार तासांत औषध आधी, अँजिओ (धमन्यांचा स्कॅन) आणि परफ्युजन मागून.

उत्तररात्र:
साडेचार ते नऊ तासांचं काय? २०१९च्या एक्स्टेंड चाचणीत परफ्युजन बघूनच रुग्ण निवडले: मेलेला भाग ७० मिलिपेक्षा कमी, धोक्यातला त्याच्या १.२ पटीहून जास्त.

धागाकर्ता:
आणि एवढं निवडूनही लक्षणं देणारा मेंदूतला रक्तस्राव अल्टेप्लेजवाल्यांत ६.२ टक्के, प्लासिबोत ०.९. तिथे नातेवाइकांना हा आकडा सांगितल्याशिवाय मी सुई उचलणार नाही.