जुनी ऑडी टीटी घेतोय: वाढीव वॉरंटी कोणती घ्यावी?

पर्वरीकर
मंडळी, २०१६ ची ऑडी टीटी कूपे पाहिली आहे. २.० लिटर टर्बो पेट्रोल, ६ गिअरचा एस ट्रॉनिक ऑटोमॅटिक, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), ५२,००० किमी. गाडी पुण्याची, एमएच १२ पासिंग. ठरली तर म्हापशाला नेऊन जीए ०३ करणार. मूळ वॉरंटी कधीच संपली.

दोन पर्याय समोर आहेत. विकणाऱ्या डीलरची १ वर्षाची वॉरंटी आहे, त्यात इंजिन-गिअरबॉक्सच्या भागांची यादी दिली आहे आणि काम फक्त अधिकृत वर्कशॉपमध्ये. दुसरी बाहेरच्या वॉरंटी कंपनीची, २ वर्षांची. वर ‘संपूर्ण संरक्षण’ असं छापलंय, काम कुठल्याही गॅरेजात चालतं, पण एका क्लेमला दीड लाखाची मर्यादा. किंमत जवळपास दुप्पट, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच. गाडी पावसातही चालणार आहे. कोणती घ्यावी?

फोंडा गॅरेज
वर्षं नंतर मोजा. आधी या गाडीत काय जातं ते बघा आणि ते भाग कागदावर नावानिशी आहेत का ते शोधा.

सगळ्यात महागडी जागा गिअरबॉक्स. हा ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा ड्युअल क्लच आहे आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, त्याच तेलात काम करतं. तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचे असतात. भरताना साधारण ५.२ लिटर लागतं, आणि पातळी तपासायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, स्कॅनरवर तापमान बघत. थंड गाडीत अंदाजाने ओतलं की पातळी चुकलीच. तेल बदललं नाही तर क्लचची बारीक भुकटी त्यात फिरत राहते, सोलेनॉइड (तेल सोडणारे-रोखणारे वॉल्व्ह) अडकायला लागतात. पहिल्याहून दुसऱ्या गिअरला धक्का, रिव्हर्स पडायला उशीर, ही सुरुवात. कागदावर नुसतं ‘गिअरबॉक्स’ असेल तर मेकॅट्रॉनिक हा इलेक्ट्रॉनिक भाग आहे म्हणून हात वर करता येतात. ‘मेकॅट्रॉनिक युनिट’ असे शब्दच हवेत. क्लच पॅक झिजणारा भाग म्हणून बहुतेक वगळलेलाच असतो, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा मागचं हॅल्डेक्स कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच. या पिढीत वेगळा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. जाळीवर क्लचच्या भुकटीचा काळा लगदा बसतो, पंप जोर लावून लावून जळतो आणि गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालते. सुक्या रस्त्यावर हे कळतही नाही. चोर्ला घाटात पहिल्या पावसात पुढची चाकं फिरायला लागली की कळतं. तेल लिटरभरही लागत नाही. पण नुसतं तेल बदलून भागत नाही, पंप काढून जाळी धुवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी हे काम टाळलं जातं, कारण पंप काढायला वेळ जातो.

तिसरी जागा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र प्लास्टिक हाउसिंग. उष्णतेने ते वाकतं, तडकतं. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेलं असतं, वरून दिसत नाही. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डखाली आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला बघा. सुकलेल्या कूलंटचा गुलाबी-पांढरा थर दिसला तर गळती जुनी आहे. बॉनेट उघडताच गोडसर वास आला तरी तेच समजा. आधीच्या मालकाने कूलंटची टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर पातळीवरून काही कळणार नाही.

५२,००० वर गिअरबॉक्सचं तेल अजून बाकी असेल. गाडी घेतल्या घेतल्या ते आणि हॅल्डेक्स दोन्ही करून घ्या, बिलावर किलोमीटर आणि तेलाचा पार्ट नंबर लिहून घ्या. ते बिल हातात नसेल तर दोन्हीपैकी कोणतीही वॉरंटी उपयोगाची नाही.

क्लेम सर्व्हेअर
फोंडावाल्यांशी सहमत. कागदाबद्दल मी लिहितो.

‘संपूर्ण संरक्षण’ या शब्दांना काही किंमत नाही. शेवटच्या पानांवरची वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. पाणी शिरणं, गंज, बाहेरून बसलेला मार, झीज, गळके सील, आणि ‘परिणामी नुकसान’. हे शेवटचं कलम फार नुकसान करतं. वॉटर पंप गळला, गाडी तापली, इंजिनचं हेड वाकलं: पंप मिळेल, हेड मिळणार नाही.

मग मर्यादा आणि घसारा. समजा बिल ३ लाखांचं आलं, त्यात भाग २,४०,००० चे आणि मजुरी ६०,००० ची. गाडीच्या वयामुळे भागांवर ४० टक्के घसारा. घसारा आधी लावला तर भागांचे १,४४,००० अधिक मजुरी, म्हणजे २,०४,०००. त्यावर दीड लाखाची मर्यादा, तुमच्या खिशातून दीड लाख. पण आधी मर्यादा लावून मग त्या दीड लाखावर ४० टक्के कापले तर तुम्हाला ९०,००० मिळतात आणि २,१०,००० तुम्ही भरता. शब्द तेच, क्रम वेगळा. हा क्रम ईमेलवर लिहून मागा, फोनवरचं उत्तर धरू नका. मर्यादा जीएसटीसकट की सोडून, हेही त्याच ईमेलमध्ये.

पहिले ३० दिवस क्लेम नाही, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते आणि ‘आधीपासून असलेला दोष’ नेहमीच बाहेर. म्हणून पैसे देण्याआधी तिऱ्हाईत ठिकाणी तपासणी करून तारीखवार अहवाल घ्या. स्कॅनमध्ये नुसते फॉल्ट कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटरही बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. ते अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा बॅटरी काढलेली. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

आणि टीटीसारख्या गाडीत हे नक्की: इंजिनचं ट्यूनिंग झालंय का ते अधिकृत वर्कशॉपच्या संगणकावर विचारा. ट्यून केलेल्या गाडीवर कंपनीच्या नोंदीत टीडी१ अशी खूण पडलेली असू शकते. मालकाने मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती खूण राहते, आणि इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स तिन्हींचे क्लेम तिथेच अडतात.

काम सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. गिअरबॉक्स उघडून मग फोन केला तर क्लेम संपला. उघडून तपासण्याची मजुरी कोण देणार हेही विचारा. दोष वगळलेल्या यादीतला निघाला तर ती तुमच्यावर येते.

धक्क्यावरचा
गोव्यापुरतं दोन गोष्टी.

पाण्यातून जाताना इंजिनने पाणी ओढलं तर ते वॉरंटीचं काम नाही, मोटार विम्याचं आहे, आणि त्यातही इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असेल तरच. वॉरंटीत थोडे पैसे वाचले तर तिकडे घाला. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. दुसऱ्यांदा मारलेल्या स्टार्टरने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमावाले नेमकं तेच विचारतात. वायपरखालच्या प्लास्टिक जाळीतली पानंही मे अखेरीस काढून टाका. तिथली पाण्याची वाट तुंबली की पाणी ब्लोअरकडे आणि आत कार्पेटखाली येतं, आणि ‘पाणी शिरणं’ दोन्ही कागदांत वगळलेलं असणार.

दुसरं, फेरीबोट. ओहोटीला रायबंदर-चोडण धक्क्यावर रॅम्पचा कोन उभा होतो. या इंजिनाचा खालचा ऑइल पॅन प्लास्टिकचा आहे. घासून तडकला तर बाहेरचा मार, वॉरंटी नाही. खालचं संरक्षक आवरण जागेवर आहे का, त्याचे सगळे स्क्रू आहेत का, ते लिफ्टवर बघून घ्या.

पर्वरीकर
खूप खूप आभार. डीलरच्या यादीत मेकॅट्रॉनिक आहे, वॉटर पंप आहे, हॅल्डेक्स नाही. बाहेरच्या कंपनीने घसाऱ्याचा क्रम अजून कळवलेला नाही. नंबर बदलल्यावर वॉरंटीचं काय होतं?

क्लेम सर्व्हेअर
मग डीलरचीच घ्या आणि हॅल्डेक्स पंप यादीत वाढवून मागा. विक्री होण्याआधी हे मान्य होतं, नंतर नाही. नाही म्हणाले तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून मागा. अधिकृत वर्कशॉपची सक्ती असल्याने एक कलम मात्र हवंच: बंद पडलेली गाडी फ्लॅटबेडवर न्यायचा खर्च कुणाचा आणि किती किलोमीटरपर्यंत. ५० किमीची टोइंग मर्यादा असेल आणि काम मुंबईला पाठवायचं ठरलं तर साधारण ५९० किमीतलं बाकीचं भाडं तुमचं.

नंबरासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इकडे मालकी बदलासाठी २९, ३० आणि नव्या नंबरासाठी २७, शिवाय गोव्याचा रोड टॅक्स. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत नावावर करायचा अर्ज द्या, आरसीची वाट बघत बसू नका. वॉरंटी तुमच्या नावावर आणि चॅसिस नंबरावर काढून घ्या, जीए नंबर मिळाला की ईमेल करून त्याची नोंद मागा. चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. काचेच्या कोपऱ्यातला, आरसीवरचा आणि वॉरंटीच्या कागदावरचा, तिन्ही एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा.