पौलाने पहाऱ्यावरचा शिपाई बघून लिहिलं म्हणे!

नगरी_बोर: कालच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी ठासून लिहिलंय की बायबलात पौल प्रेषिताच्या इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातली शस्त्रसामग्री (कमरबंद, छातीचं उरस्त्राण, पायातले जोडे, ढाल, डोक्याचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार) म्हणजे पहाऱ्यावरच्या रोमी शिपायाचं वर्णन, आणि 'म्हणून ख्रिस्ती माणसाने शिपायासारखं राहावं'. तिथेच उत्तर लिहीत होतो, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. अहो, जुन्या करारातलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडा की! ५९:१७ मध्ये नीतिमत्त्वाचं उरस्त्राण नि तारणाचं शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो. कमरबंद ११:५ मधला. सुवार्ता आणणारे पाय ५२:७ मधले. सहातल्या चार वस्तू त्या शिपायाच्या पणज्याच्याही आधीच्या. बापाने आपला सदरा लेकराच्या अंगात घालावा, तसं आहे हे. पलटण कुठून आली यात?

दार_उघडा: प्रेषितांची कृत्ये २८:१६ मधून आली. पौलावर शिपाई ठेवलेला होता. इफिस ६:२० मध्ये तो स्वतः बेड्यांचं बोलतो. आणि ढालीला मूळ ग्रीक शब्द थुरेओस. 'थुरा' म्हणजे दार. दाराएवढी ढाल रोमी पायदळाची. तुमच्या त्या तीन वचनांत ती दाखवा, मी गप्प बसतो.

नगरी_बोर: ढाल तुमची. घ्या, घरी न्या. त्या चार वस्तू यशयाच्या.

पेटीतलं_लुगडं: आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात, दरवर्षी पुठ्ठ्याची ढाल आणि चंदेरी कागदाचं शिरस्त्राण असतं. माझ्या पोराने सातव्या वर्षी 'आत्म्याच्या तलवारी'ने शेजारच्या मुलाची भुवई फोडली. दोन टाके. पाळकसाहेब म्हणाले, उत्साह आहे हो! मला तर बायबलातल्या कपड्यांपैकी शौल राजाने दिलेलं चिलखत उतरवून ठेवणारा दावीद आवडतो. नाहीतर येशूच्या दाखल्यातल्या, घरी परतलेल्या उधळ्या पोराच्या अंगावर बापाने घालायला लावलेला तो उत्तम झगा. पण नाही, आमच्या चर्चच्या मंडळीला बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरण ७ मधले शुभ्र झगेच दिसतात, म्हणून नवरीला पांढरी साडीच हवी. आईला लग्नात पांढऱ्यात बघून आजीने हंबरडा फोडला होता. तिच्या लेखी पांढरं नेसते ती विधवा.

लाल_काठ: अगदी! पांढरी नवरी ही साहेबाची रीत. १८४० साली व्हिक्टोरिया राणी लग्नात पांढरं ल्याली, तिचं बघून पसरली. आमच्या वसईच्या म्हाताऱ्या लाल लुगडं नेसून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायच्या, त्यांचं तारण अडलं का?

दार_उघडा: बाप्तिस्मा झाल्यावर शुभ्र वस्त्र घालायची चाल राणीच्या कितीतरी शतकं आधीची आहे. पौलाच्याच गलतीकरांस पत्रात ३:२७, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी 'ख्रिस्ताला परिधान केलं'. तुमच्यासारख्यांना सगळ्यात साहेबच दिसतो.

लाल_काठ: 'तुमच्यासारख्या' म्हणजे कोणासारख्या? सांगाच आता. बाप्तिस्म्याचा झगा बाप्याही घालायचे. मग नवरदेव का काळ्या कोटात? आणि प्रकटीकरण ७ मधले लोक मोठ्या संकटातून आलेत, मांडवातून नाही.

दार_उघडा: नवरी प्रकटीकरण १९:८ मध्ये आहे. तलम तागाचं तेजस्वी, शुद्ध वस्त्र. वाचा.

लाल_काठ: वाचलं. 'तेजस्वी' लिहिलंय. पुढेच लिहिलंय की ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं. आणि ताग म्हणता, तर तुमच्या मंडळीतल्या नवऱ्या सिंथेटिक का नेसतात हो?

नगरी_बोर: धागा कशाचा होता, आठवतंय का कुणाला?

पेटीतलं_लुगडं: बरं, तुमच्याच शस्त्रांचं विचारते. पाठीला काहीच दिलेलं नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने पळायचं नाही, असं आम्हाला दर वर्षी ऐकवतात. खरं का?

नगरी_बोर: रोमी चिलखत पाठही झाकायचं. शिपाईवाल्यांनीच सांगायला हवं होतं हे. पौलाने फक्त पाठीचं नाव घेतलेलं नाही. आणि पाठीचंच हवं असेल तर यशया ५२:१२, इस्राएलाचा देव पिछाडी सांभाळतो.

दार_उघडा: हे मात्र चांगलं आहे. रविवारी बोलायचंय, वापरेन. नाव तुमचं घेणार नाही.

पेटीतलं_लुगडं: आणि साडीचं काय ठरलं?

लाल_काठ: नेसू दे ज्याला जे नेसायचं ते. माझी लेक मोतिया रंगाची नेसली. मीच घेऊन दिली होती, काय करता.