विषय: शिकारीच्या रायफलीचा चाप बदलायचा आहे, कुठला घेऊ?

अमळनेरकर, सध्या पेनसिल्व्हेनिया

सगळ्यांना राम राम.

आपल्या यादीवर असा विषय सहसा येत नाही, पण मंडळातले चार-पाच जण दरवर्षी शिकारीला जातात हे माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो.

न्यू जर्सीत होतो तोवर प्रश्न नव्हता. तिथे हरणासाठी रायफल चालतच नाही, शॉटगन नाहीतर ठासणीची बंदूक. मागच्या वर्षी इकडे घर घेतलं आणि शेजाऱ्याच्या ओळखीतून एक जुनी रेमिंग्टन ७०० रायफल घेतली, .३०-०६ मापाच्या काडतुसाची. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडला त्या सकाळी ७० यार्डांवर हरीण उभं राहिलं. चाप दाबला तर जरासा सरकला आणि अडकला. पुन्हा जोर दिला, पुन्हा सरकला. रेतीत बोट रुतल्यासारखं वाटत होतं. शेवटी बार झाला तेव्हा नेम हलला होता आणि गोळी पाठीवरून गेली. जनावर जखमी झालं नाही, एवढंच समाधान.

आता चाप बदलायचा आहे. टिमनी, ट्रिगरटेक, ज्युएल अशी नावं ऐकतो. ऑफिसातला एक जण म्हणतो एक पौंडाचा, म्हणजे तेवढ्याच जोराने सुटणारा, लाव. दुसरा म्हणतो पैसे कशाला घालवतोस, आहे त्यालाच कानस आणि पॉलिश मार. आबा, ताई, तुम्ही काय कराल?

आबा, चोपडा तालुका (एप्रिलपर्यंत गावीच)

भाऊ, राम राम.

ओट्यावर बसून लिहितो आहे. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय आणि भावाला भाव वाढायची आशा आहे, त्यामुळे घरात झोपायला जागा कमी आणि लिहायला वेळ भरपूर.

आधी कानशीचं सांगतो. कानस लावू नकोस. अजिबात नको.

माझ्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. ज्वारी निसवली की रात्री रानडुकरं उतरायची, म्हणून शेतात माळा बांधलेला असे. त्या बंदुकीचा चाप इतका जड की दोन बोटं लागायची. काकांनी कंटाळून गावातल्या लोहाराकडून आतल्या खाचेवर कानस मारून घेतली. महिनाभर सगळे खूश. मग एका रात्री काका घोडा चढवलेला ठेवूनच माळ्यावर चढत होते, नळी खाली आणि दस्ता वर. दस्ता शिडीच्या वरच्या बांबूला ठेचला आणि बार उडाला. मी खाली कंदील धरून उभा होतो, बारा वर्षांचा. माझ्यापासून हातभरावरची ज्वारीची ताटं मुळापासून कापली गेली. कंदील विझला, आणि अंधारात काका माझं नाव घेऊन ओरडत होते तो आवाज मला आजही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी बंदूक उलगडून मला ती खाच दाखवली. घोड्याला अडवून धरणारा दाता आणि त्याची खाच यांना वरून पाणी दिलेलं असतं. कडक थर अगदी पातळ, आतलं लोखंड मऊ. कानशीने वरचा थर गेला की चाप हलका वाटतो खरा, पण उघडं पडलेलं मऊ लोखंड रोज झिजतं आणि खाचेची कड गोल होते. मग तिला सुटायला बोट लागत नाही, धक्का पुरतो. तुझ्या रायफलीत त्या दात्याला सिअर म्हणतात. बंदूक बदलली, शतक बदललं, पण हे गणित तेच आहे. म्हणून चाप बदलायचा तर पूर्ण, कारखान्यातून जुळवून आलेला घे.

दुसरं, तुझी ७०० नेमकी कधीची आहे ते बघ. २००६ पासून एक्स-मार्क प्रो चाप बसवायला लागले आणि १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या त्या चापांच्या रायफली कंपनीने स्वतःच परत मागवल्या. जोडणीत चिकटद्रव जास्त पडलं असेल तर बोट न लावता बार होऊ शकतो, हे त्याचं कारण. त्याआधीच्या रायफलींत वॉकर चाप असतो. त्यात चाप आणि सिअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक सुटी पट्टी असते. तिच्यामागे कचरा किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं तर ती जागेवर नीट परत येत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं कोर्टात गाजली. रायफल १९८२ च्या आधीची असेल तर आणखी एक खूण: सेफ्टी लावल्यावर बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा मागचा दांडा, उघडत नाही. म्हणजे काडतूस बाहेर काढायलाच सेफ्टी काढावी लागते. दिवसभर थंडीत बसून, थकून, अंधारात गाडीशी येऊन रिकामी करताना हे किती वाईट आहे ते मी वेगळं सांगायला नको. बाहेरचा चांगला चाप बसवलास की सेफ्टी लावूनही बोल्ट उघडता येतो. माझ्या मते वजनापेक्षा हेच मोठं कारण आहे.

आता वजन. शिकारीला अडीच ते साडेतीन पौंड. एक पौंडाचं मनातून काढ. ज्युएलचा चाप औंसांपर्यंत हलका होतो आणि सुंदर असतो, पण तो टेबलावर रायफल ठेवून कागदावर गोळ्या मारणाऱ्यांसाठी. त्यांच्या अंगावर जाडे कपडे नसतात, हातमोजे नसतात, झाडीतून चालणं नसतं. उणे दहा अंशांत बोटाला एक पौंड जाणवतच नाही. बोट टेकेपर्यंत बार होतो.

आणि तुला त्रास वजनाचा झालाच नाही, सरकण्याचा झाला. पऱ्हाटीची ओली काडी मोडून बघ, वाकते, पिळते, चिवटपणे तुटते. वाळलेली काडी त्याच जोराला कट्कन मोडते. चाप वाळल्या काडीसारखा सुटला पाहिजे. तसा सुटणारा साडेतीन पौंडांचा चाप हा सरकणाऱ्या दोन पौंडांच्या चापापेक्षा हजारदा बरा.

नावं विचारलीस तर माझ्या रायफलीत टिमनी आहे, बारा वर्षं झाली. १९४६ पासून हेच काम करणारी अमेरिकन कंपनी. ७०० साठीचा त्यांचा चाप दीड ते चार पौंडांत बसवता येतो, मी तीनवर ठेवलाय. ट्रिगरटेक कॅनडाची. त्यांनी सिअर आणि चाप यांच्यामध्ये एक बारीक रोलर घातला, त्यामुळे धातूवर धातू घासत नाही, फिरून सुटतो. सरकणं जवळजवळ कळतच नाही. त्यांचा प्रायमरी हा मॉडेलही दीड ते चार पौंडांचा. आज नव्याने घ्यायचा असता तर मी तो घेतला असता. मागवताना बोल्ट सोडायची कळ त्यातच येते का, आणि तुझ्या दस्त्यात जागा कोरावी लागेल का, एवढं विचार.

आत तेलाचा थेंब घालू नकोस. थंडीत तेल डिंकासारखं होतं.

परवा रात्री हरभऱ्यात रोही (नीलगाई) आले होते, आठ-दहा. पुतण्याने झटका मशीन लावलंय, तरी एका कोपऱ्यातून तार वाकवून घुसले. आम्ही दोघं बॅटऱ्या आणि पत्र्याचा डबा घेऊन पळालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर इथे जनावरावर बंदूक उचलायची ती सरकारी परवानगीनेच, आणि ते योग्यच आहे. वर यावलचं अभयारण्य आहे, पलीकडे मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या बागांत वाघ वावरतो. पण सकाळी लोळवलेला हरभरा बघताना शेतकऱ्याच्या पोटात काय होतं तेही खरं आहे.

ताई, मूळ धुळे, सध्या कोलोराडो

आबा, कंदिलाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. कानशीबद्दल शंभर टक्के तुमच्याशी सहमत.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. प्रत्येक रायफलीला आख्खा चाप बदलायची गरज नसते. माझी टिका टी३ आहे, फिनलंडची. तिचा मूळचाच चाप दोन ते चार पौंडांत एका स्क्रूने बसवता येतो आणि मुळीच सरकत नाही. सॅव्हेजचा अ‍ॅक्युट्रिगरही घरी बसवून घेता येतो आणि त्याच्या मधल्या पात्याला बोट लागल्याशिवाय सिअर सुटत नाही. यातली एखादी रायफल कुणाकडे असेल तर आधी मूळचा चाप पुस्तिकेप्रमाणे बसवून बघा. भाऊ, तुझ्या जुन्या ७०० ला हे लागू नाही, तू बदलच.

आणखी एक पर्याय सुचवते. दोन टप्प्यांचा चाप. पहिला टप्पा हलका, बोट एका भिंतीला जाऊन टेकतं, तिथे थांबता येतं, मग दुसरा टप्पा सुटतो. जुन्या जर्मन मॉझर ९८ रायफलीवर असाच असायचा. एल्कच्या (इथलं मोठं हरीण) मागे दहा हजार फुटांवर चढून गेलं की छाती धाडधाड उडते आणि गोठलेल्या बोटाला चाप कुठे आहे ते कळत नाही. तेव्हा ती भिंत मला फार उपयोगी पडते. बोट तिथे ठेवायचं, दोन श्वास सोडायचे, मग दाबायचं. आबांना एकच टप्पा आवडतो, ते दहा वर्षं माझ्याशी यावरून भांडतायत.

पैसे खर्च करण्याआधी एक काम कर. खेचून वजन सांगणारा काटा मिळतो, लायमनचा डिजिटल किंवा व्हीलरचा स्प्रिंगचा. रिकाम्या रायफलीचा चाप दहा वेळा मोज आणि सगळे आकडे लिहून ठेव. सरासरीइतकाच दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा.

आणि नवा चाप आल्यावर रोज रात्री सरावाचं खोटं काडतूस घालून वीस वेळा दाब. नळीच्या टोकाशी नाणं ठेवायचं. चाप सुटल्यावर नाणं जागेवर राहिलं पाहिजे. माझे वडील धुळ्याला एनसीसीच्या पोरांना .२२ शिकवायचे, ते सारखं एकच सांगत, “चाप वढाना नही, दाबाना.” नाण्याने ते एका आठवड्यात कळतं.

आबा

ताई, भिंतीचं पटलं, जाड मोजे असतील तर दोन टप्पे चांगले. माझा हट्ट माझ्यापुरता.

भाऊ, बसवल्यावर या तपासण्या केल्याशिवाय एकही जिवंत काडतूस आत घालू नकोस. चेंबर आणि मॅगझीन दोनदा बघून रिकामं कर, नळी सुरक्षित दिशेला. घोडा चढवून, सेफ्टी काढून, दस्त्याचा बूड रबरी चटईवर चांगला आपट, आणि रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोक. मग बोल्ट शक्य तितक्या जोरात वीस वेळा बंद कर. मग सेफ्टी लावून चाप करकचून दाब, सोड, आणि बोट न लावता सेफ्टी काढ. यात एकदाही काडतुसावर आदळणारी पिन आपोआप सुटली तर रायफल गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब ठेव, फिरला तर डोळ्यांना दिसेल.

अमळनेरकर

आबा, ताई, तीन आठवड्यांनी लिहितोय.

सेफ्टी लावल्यावर बोल्ट उघडत नाही, म्हणजे माझी १९८२ च्या आधीचीच. दहा वेळा मोजलं. सरासरी पाच पौंड सहा औंस, आणि सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त यांच्यात जवळजवळ एक पौंडाचा फरक. गनस्मिथने जुना चाप काढून दिव्याखाली धरला तर आत चहाच्या गाळासारखं काळं, चिकट तेल साचलेलं. कनेक्टरच्या मागेही होतं. तो चाप मी परत बसवणार नाही आणि कुणाला विकणारही नाही.

ट्रिगरटेक प्रायमरी बसवला, तीन पौंडांवर. दस्त्याला सुरी लावावी लागली नाही. पुन्हा दहा वेळा मोजला, सगळे आकडे दोन औंसांच्या आत. आपटून, ठोकून, वीस वेळा बोल्ट मारून, सेफ्टीची तपासणी करून झाली, सगळं ठीक. स्क्रूवर बायकोचं लाल नेलपॉलिश लावलंय.

ताई, नाणं पहिल्या रात्री वीसपैकी चौदा वेळा पडलं, काल रात्री तीन वेळा. पडतं तेव्हा दर वेळी उजवीकडेच पडतं, म्हणजे माझं बोट चाप बाजूला ढकलतंय. बोटाचं पहिलं पेर टेकवावं की टोक?