इंग्रजीतील सारखे वाटणारे शब्द: आधी व्युत्पत्ती की आधी सराव?

मूळ मत (नौपाडा, ठाणे)
मी दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात एका मुलाने वह्या-पेनांच्या दुकानाविषयी लिहिताना 'स्टेशनरी'च्या शेवटी ए-आर-वाय लिहिले, आणि त्या स्पेलिंगचा अर्थ 'स्थिर' असा होतो. लाल खूण करण्याऐवजी मी त्याला शब्दाची कुळकथा सांगितली. मध्ययुगीन युरोपात अनेक विक्रेते फिरून माल विकत असत. त्यामुळे एका जागी बसून पुस्तके विकणाऱ्याला, ठाण मांडण्याच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, 'स्टेशनर' हे नाव पडले आणि लंडनमधील त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनदही मिळाली. 'स्टेशनर'च्या शेवटी ई-आर असल्याने त्याच्या मालाच्या नावातही तीच अक्षरे आली. मुलाने ती चूक पुन्हा केली नाही. व्युत्पत्ती आधी शिकवावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (वाशी)
मॅडम, दोन्ही शब्दांचे मूळ एकच असेल, तर फरक मुळाने नव्हे, अक्षरांनी कळला. 'डिस्क्रीट'चेही तेच. शेवटी ई-ई-टी असेल तर जपून बोलणारा, ई-टी-ई असेल तर सुटा, पृथक. मूळ मात्र 'वेगळे केलेले' या अर्थाचा एकच लॅटिन शब्द. माझ्या मुलीला मी एवढेच सांगितले की टी मध्ये उभा राहून दोन ई वेगळे करतो, तो 'पृथक'. परीक्षेत तिला वाक्य लिहायचे असते, लॅटिन नव्हे.

मूळ लेखिका
आपली खूण उत्तम आहे आणि ती मी उद्याच वर्गात सांगेन. पण तिने स्पेलिंग कळते, अर्थ कळत नाही. 'वेगळे केलेले' यातून 'जपून बोलणारा' कसा निघाला? काय बोलावे आणि काय बोलू नये हे जो वेगळे करतो, तो. आपला 'विवेक'सुद्धा 'विच्', म्हणजे वेगळे करणे, याच धातूपासून आला आहे. हे कळल्यावर मुलाला तो शब्द परका वाटत नाही.

उत्तर (वाशी)
'विवेक'चा दाखला मला मनापासून पटला. तरीही 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक आपण धातू शिकून नव्हे, वाचून वाचून ओळखू लागलो, म्हणून आधी वाक्ये आणि मग कथा, हाच क्रम मला योग्य वाटतो. एका मुलाने आठवडाभर चूक टाळली, एवढा पुरावा पुरेसा नाही. सहामाही परीक्षेनंतर त्याची उत्तरपत्रिका पाहून आपण येथे पुन्हा लिहावे, ही विनंती.